फ्लेक्सवरची सिस्टर

वारूळवाडीत वस्तीकडं वळताना कोपऱ्यावर एक लोखंडी चौकट आहे. ती कधी रिकामी नसते. वाढदिवस, निवडणूक, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, जो तो आपल्या पाळीनं तिथं येऊन हात जोडून उभा राहतो, आणि आठ-पंधरा दिवसांत उतरून कुणाच्या तरी कांद्याच्या ढिगावर नाहीतर शेळ्यांच्या छपरावर जातो. फ्लेक्सची ही गत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं त्यावरचा मजकूर कुणी फारसा मनाला लावून घेत नाही.

स्वप्नाचा फ्लेक्स मात्र अख्ख्या वस्तीनं मनाला लावून घेतला.

तो तिच्या भावानं, कपिलनं, केला होता. कपिल नारायणगावला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. भीमजयंती तोंडावर आलेली, बहिणीचा नर्सिंगचा कोर्स संपत आलेला. त्यानं तिचा बारावीतला फोटो घेतला, मागं दवाखान्याचा चकचकीत व्हरांडा लावला आणि डोक्यावर पांढरी टोपी चढवली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या वस्तीची पहिली नर्स, सिस्टर स्वप्नाताई यांचे हार्दिक अभिनंदन’. आजकाल ती टोपी फारसं कुणी घालत नाही, हे स्वप्ना त्याला सांगणार होती. पण टोपीचं सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

बाकीचं असं होतं. स्वप्ना जिल्ह्यातल्याच एका नर्सिंग शाळेत तीन वर्षं शिकत होती. फी सरकारची, हॉस्टेल सरकारचं. शिवाय दर वर्षी मोठ्या दवाखान्यात जाऊन प्रत्यक्ष पेशंटवर काम शिकायचं, त्याचाही खर्च सरकारचाच. त्याला प्रॅक्टिकल म्हणतात. ते म्हणजे वॉर्डात नुसतं हिंडणं नव्हे. मुलीच्या शेजारी शिकवणारी सिस्टर उभी लागते, तिला पगार लागतो, मुलींना न्यायला-आणायला गाडी लागते, दवाखान्याशी करार लागतो. पुस्तक नसलं तर मैत्रिणीचं आणून भागतं, पण शिकवणारी सिस्टर काही उसनी मिळत नाही. आणि त्या वर्षी नेमकं ह्याच गोष्टीचं अनुदान वरती कुठंतरी अडकलं. करार संपला, दवाखान्यानं मुली घ्यायचं थांबवलं, आणि शेवटचं, सगळ्यात मोठं प्रॅक्टिकल अर्ध्यावर लटकलं. ट्यूटर मॅडमनी मुलींना वर्गात बसवून सांगितलं, “घरी जा. पैसे आले की बोलावते. प्रॅक्टिकल पूर्ण झाल्याशिवाय परीक्षा नाही, परीक्षेशिवाय नोंदणी नाही. तोवर स्वतःला नर्स म्हणवून घेऊ नका.”

स्वप्ना बॅग घेऊन घरी आली ती जयंतीच्या आदल्या दिवशी. रस्त्याला उतरली, चालत वस्तीच्या कोपऱ्यावर आली, आणि समोर तीच उभी. टोपी घालून, गालातल्या गालात हसत. फ्लेक्सखाली तिची आई द्रौपदा शेजारणीकडून फोटो काढून घेत होती. द्रौपदानं उभ्या जन्मात फोटोसाठी कधी पदर सारखा केला नव्हता. तो तिनं आज केला होता.

“आई, मला जरा बोलायचंय.”

“बोल मंग. आधी इथं माझ्या शेजारी उभी ऱ्हा.”

स्वप्ना उभी राहिली. चूक झाली ती तिथंच.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर तिला शाल, पुस्तक आणि एक बीपीचं मशीन मिळालं. मशीन मंडळाच्या वर्गणीतून घेतलेलं. वस्तीतले सगळ्यात जुने कार्यकर्ते धर्माजी अण्णा ते तिच्या हातात देत माइकवर म्हणाले, “ह्याच्यात समद्यांचा वाटा हाय, पोरी. आता आमाला कुनाच्या दारात उभं ऱ्हायची गरज न्हाई.” मग माइक तिच्याकडं आला. ती म्हणाली, “मी अजून...” आणि तिथंच थांबली. भाषण संपलं असं समजून डीजेवाल्यानं गाणं लावलं. डीजेवाल्याचाही दोष नाही.

जयंतीचे बाकीचे फ्लेक्स उतरले. हा उतरला नाही. कपिलनं त्याला सगळ्यात भारी कापड वापरलं होतं, उन्हानं त्याचा रंगसुद्धा उडेना.

सकाळ झाली की त्यांच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागली. स्वप्ना बीपी मोजायची. मोजायला ती पहिल्या वर्षीच शिकली होती, आकडा खरा सांगायची, जास्त आला तर दवाखान्यात पिटाळायची. त्यात फसवणूक काही नव्हती, असं ती स्वतःला रोज समजावायची. पण माणसं उठताना म्हणायची, “येतो सिस्टर,” आणि तो शब्द तिच्या अंगाला खाजकुइलीसारखा लागायचा. तिचा बाप जयवंत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “आमची सिस्टर घरीच हाय, मोजून जा की.” द्रौपदा तिला धुण्याला हात लावू देत नव्हती, म्हणे सिस्टरचे हात खराब होतील. घरात सिस्टर, पाण्याला गेली तर सिस्टर, किराणा दुकानात सिस्टर. साधं स्वप्ना म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

दर आठवड्याला ती मॅडमना फोन करायची. उत्तर ठरलेलं, “अजून नाही गं.” मे गेला, जून गेला. खरं सांगायला रोज एक दिवस उशीर होत होता, आणि जितका उशीर होई तितकं सांगणं अवघड होई. तिला वाटायचं, आपण एखाद्या खोलीत आहोत, दाराला कुलूप नाही, पण दारात सगळी वस्ती उभी राहून टाळ्या वाजवतेय. ह्या लोकांना ढकलून बाहेर कसं पडायचं?

त्यात प्रयागबाईचं प्रकरण आलं.

प्रयागबाई ही जयवंतची चुलत बहीण, स्वप्नाची आत्या. नवरा वारलेला, लोकांच्या शेतात टोमॅटो तोडायला आणि क्रेटं भरायला जाते. तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्यासुद्धा येईनाशा झाल्या आणि पायच बधिर पडले. डॉक्टरनं रक्त तपासलं, चिठ्ठी लिहिली, म्हणाला, इंजेक्शनांचा कोर्स घ्या, नाहीतर चालणं मुश्कील होईल. प्रयागबाईनं चिठ्ठी दाखवून औषध आणलं आणि तिथंच थांबली. कारण ही बाई सापाला भीत नाही, पण सुई बघितली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. तिनं जाहीर केलं, “घेईन तर आमच्या स्वप्नाच्या हातनं. दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायची न्हाई.”

स्वप्नानं पहिल्यांदा सांगितलं, आज सुई आणायला हवी. मग सांगितलं, उपाशीपोटी नको. मग सांगितलं, तुला सर्दी आहे, ती जाऊ दे. एका दुपारी प्रयागबाई डांबरी रस्त्यावरून येताना दिसली. एक पाय चपलेत, एक अनवाणी. मागं बरंच लांब तिची चप्पल एकटीच पडली होती. पायातून निघाल्याचं तिला कळलंच नव्हतं. पावसानं ओढ दिली होती, त्या उन्हात डांबर असं तापलं होतं की कुत्रंसुद्धा कडेनं चालत होतं. स्वप्नानं धावत जाऊन चप्पल आणली, खाली बसून तिच्या पायात घातली. तिला रडू आलं.

“आत्या, आपण नारायणगावला जाऊ. मी संगं येते. तिथं टोचून घे.”

“तू असताना दुसऱ्याकडं जाऊ? लोक काय म्हन्तील, भाचीला येत न्हाई म्हनून?”

भाचीला येत होतं. भाचीला परवानगी नव्हती.

ऑगस्टात एकदाचा मॅडमचाच फोन आला. पैसे आले होते. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या रस्त्यावरच्या एका सरकारी रुग्णालयाशी करार झाला होता. “सोमवारी हजर व्हा. आणि नीट ऐक, हे पैसे मार्चपर्यंतचेच आहेत. तोवर ठरलेली इंजेक्शनं, ठरलेलं काम तुझ्या हातून झालं नाही तर मी काही करू शकणार नाही.”

स्वप्ना आईला म्हणाली, “सोमवारी सरकारी दवाखान्यात हजर व्हायचंय.” शब्दन् शब्द खरा होता. द्रौपदानं तो ऐकला आणि तशीच पेढे आणायला गेली. संध्याकाळपर्यंत कपिल मोबाईल पुढं धरून उभा. त्यावर नवीन फ्लेक्स. तीच टोपी, तोच फोटो, आता मागं तिरंगा, आणि ‘शासकीय सेवेत निवड झाल्याबद्दल’.

“टाकू का छापायला? ह्या टायमाला लायटिंग पण लावू.”

स्वप्ना त्या फोटोकडं बघत राहिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नव्हतं. दवाखान्यात कुणी ना कुणी गावचं येणार, शिकाऊ मुलींच्या निळ्या ड्रेसमध्ये तिला बघणार. ती तोंड उघडणार एवढ्यात ओट्यावर गलका झाला. प्रयागबाई चारचौघी बायकांना घेऊन आली होती. हातात औषधाची प्लास्टिकची पिशवी, त्यात नवी कोरी सिरिंज. मागून धर्माजी अण्णाही बीपी मोजायला आले होते.

“आता तू चालली नोकरीला. जायच्या आधी पैलं टोचून जा,” म्हणत ती ओट्यावर बसली, बाही वर केली, डोळे गच्च मिटले. “टोच. तुझा हात हलका हाय, मला म्हाईत हाय.”

हात हलका असल्याचं तिला कशावरून माहीत होतं, देव जाणे.

स्वप्नानं चिठ्ठी वाचली, औषध बघितलं, सिरिंज भरली, हवा काढली. हात आपोआप चालले. आधीच्या वर्षांत वॉर्डात तिनं कितीतरी वेळा हे केलं होतं. पण तिथं दर वेळी तिच्या कोपराखाली शिकवणाऱ्या सिस्टरची दोन बोटं असायची. धक्का न लावता, नुसती टेकलेली. चुकलं तर ती बोटं हात थांबवायची. पेशंटला काही झालं तर डॉक्टर हाकेवर असायचा. सरकार इतके पैसे खर्च करतं ते त्या दोन बोटांसाठी. इथं कोपराखाली काहीच नव्हतं. समोर डोळे मिटलेली आत्या होती, सुईला घाबरलेली, पण भाचीवर विश्वास ठेवून बसलेली.

तिनं सिरिंज खाली ठेवली.

“आत्या, मी नर्स नाय.”

प्रयागबाईनं एक डोळा उघडला.

“मी अजून शिकतेय. प्रॅक्टिकल ऱ्हायलंय, परीक्षा झाली नाय. सोमवारी नोकरीला नाय चालले, शिकायला चाललेय. तुला एकटीनं टोचायची मला परवानगी नाय.”

कपिल ओरडला, “मग त्या टायमाला बोलली का न्हाईस?”

“तू छापायच्या आधी विचारलं का?”

द्रौपदा पेढ्यांचा पुडा हातात घेऊन दारातच उभी होती, तो कुठं ठेवावा हे तिला सुचेना. धर्माजी अण्णा हळूच म्हणाले, “म्हंजे आमचं बीपी?”

“ते खरं होतं, अण्णा. ते मला येतं.”

“ऱ्हाऊ दे मशीन तुझ्याकडं,” ते उठत म्हणाले. “ते तरी खोटं बोललं न्हाई.”

एवढं बोलून ते गेले. शिवी दिली असती तरी चाललं असतं. प्रयागबाईनं बाही खाली ओढली, पिशवी उचलली. “मंग मला हप्त्यावर हप्तं कशापायी फिरवलं?” तिचा आवाज चिरला. “मी समद्या गावात सांगत हिंडले!” ती चालायला लागली. एक चप्पल पायरीवरच राहिली. ती उचलून तिच्या मागं जायची स्वप्नाची हिंमत झाली नाही. शेवटी एका बाईनं ती नेऊन दिली.

बाप रविवारी बोलला. मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता. “आमी उस्तादाच्या हाताखाली शिकलो. चालू लायनीला हात लावू देत नव्हता. कुनी इचारलं तर सांगायचो, शिकतोय. त्यात लाज कसली? तुला आमच्याम्होरं लाज वाटली?”

“लाज नाय वाटली, पप्पा. भ्या वाटलं. तुमी लई खूश व्हता.”

जयवंतनं तार गुंडाळणं चालूच ठेवलं.

सोमवारी ती निघाली तेव्हा कोपऱ्यावर टोपीवाली तशीच हसत होती. स्वप्ना मान खाली घालून तिच्या समोरून गेली.

सुटले, असं तिला एसटीत वाटलं होतं. रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात कळलं की सुटका इतकी स्वस्त नाही. मॅडमचा नियम कडक. इंजेक्शनच्या खोलीत प्रत्येक पेशंटला त्या आधी विचारायच्या, “ही शिकाऊ मुलगी आहे. मी शेजारी उभी आहे. हिनं टोचलं तर चालेल का?” आणि धरणाच्या वरच्या गावांतून दोन गाड्या बदलून आलेली ती माणसं मुलींचे निळे ड्रेस बघून दंड झाकून घ्यायची. “शिकाऊ नको बाई. मोठ्या सिस्टरला बोलवा.” त्यांचंही बरोबर होतं. आजारी माणसाला वाटतं, माझ्यावर कशाला शिकता?

पण मुलींनी मग शिकायचं कुणावर? सरकारनं पैसे दिले, सिस्टर दिली, दवाखाना दिला. दंड काही सरकारला देता येत नाही. तो ज्याचा त्यानं पुढं करावा लागतो. वारूळवाडीत स्वप्ना नको नको म्हणत होती तेव्हा लोक बाह्या सारून बसत होते. इथं ती ट्रे घेऊन उभी होती तर लोक बाह्या खाली ओढत होते. आठवडे चालले होते. मार्च काही कुणासाठी थांबणार नव्हता. रोज संध्याकाळी ती ट्रे होता तसा परत ठेवायची. घरून फोन फक्त द्रौपदाचा यायचा, जेवलीस का विचारणारा. फ्लेक्सचं स्वप्ना विचारत नव्हती आणि द्रौपदा सांगत नव्हती.

दिवाळीच्या आधी एका मंगळवारी खोलीत गर्दी होती. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. नेहमीसारखंच सगळ्यांनी जमिनीकडं बघितलं. एक तरणा बाप्या तर उठून बाहेरच गेला.

“मी बसते,” दारातून आवाज आला.

प्रयागबाई भिंतीला हात लावत लावत आत आली. काखेत तीच प्लास्टिकची पिशवी. खिडकीतून बाहेर कपिल दिसत होता, मोटारसायकलवर, तोंड दुसरीकडं करून बसलेला.

मॅडमनी चिठ्ठी वाचली, औषधाची तारीख बघितली. “आजी, ही अजून शिकतेय. माहीत आहे ना?”

“म्हाईत हाय,” प्रयागबाई म्हणाली. “आमच्या समद्या वस्तीला म्हाईत हाय.”

ती स्टुलावर बसली. टेबलाची कड तिनं अशी धरली की बोटं पांढरी पडली. भीतीनं तिचं तोंड थांबेना. “कपिल्यानं तुझा फ्लेक्स उलटा लावलाय. पांढरी बाजू रस्त्याला. म्या म्हनलं, काढून मला दे, कोंबड्यांच्या खुराड्याला व्हईल. तर म्हन्तो कसा, न्हाई आत्या, ती पास झाली की परत सुलटा करायचाय.”

म्हणजे चौकट तिची वाट बघत होतीच. स्वप्नाला हसू आलं आणि धडकीही भरली. नापास झाली तर तो कोरा फ्लेक्स जन्मभर तिथंच राहणार. तिनं सिरिंज भरली, हवा काढली, स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवला. कोपराखाली मॅडमची दोन बोटं येऊन टेकली. वाटेत कुठंतरी तिचा हात थोडा घाईला आला, बोटांनी तो जरासा आवरला, आणि सुई आत गेली. औषध संपलं. सुई बाहेर आली. तिनं बोळा दाबून धरला.

“दुखलं का आजी?” मॅडमनी विचारलं.

अख्खी खोली कान देऊन होती. प्रयागबाईनं डोळे उघडले. ते पाण्यानं भरले होते.

“लई दुखलं,” ती म्हणाली. “शिकती हाय, दुखंलच की. पुढल्या मंगळवारी परत येते.”

ती उठली. स्वप्नानं वाकून तिची चप्पल तिच्या पायापुढं सरकवली. रांगेतल्या पुढच्या बाईनं तोवर पोलक्याची बाही वर सारायला घेतली होती.